‘शिकवणे’चा दुसरा अर्थ : शिक्षणाचा खर्च आणि मराठी आत्मकथन

१

मराठी आत्मचरित्रांविषयीच्या समीक्षालेखनात एक वाक्यप्रकार वारंवार आढळतो : ‘लेखकाने प्रतिकूल परिस्थितीशी झुंज देत शिक्षण घेतले’. ह्या वाक्यातील ‘प्रतिकूल परिस्थिती’ म्हणजे बहुतेक वेळा पैसा नसणे होय. फी, वह्यापुस्तके, गावाबाहेर राहण्याची व जेवणाची सोय, आणि मुलगा शाळेत गेल्यामुळे घरात न आलेली त्याची मजुरी, ह्या सर्वांचा समावेश त्या दोन शब्दांत गृहीत धरलेला असतो. समीक्षक तो उलगडून पाहत नाही. परिस्थिती ही पार्श्वभूमी ठरते, झुंज हा विषय ठरतो, आणि ज्यांनी तो खर्च प्रत्यक्ष सोसला ती माणसे पार्श्वभूमीच्या रंगात मिसळून जातात.

प्रस्तुत लेखात ह्या प्रवृत्तीचा प्रतिवाद करावयाचा आहे. त्यासाठी अर्थशास्त्राची साधने वापरण्याचा माझा अधिकार नाही. एक क्रियापद घेऊन मराठी भाषेने ह्या खर्चाची नोंद कशी ठेवली आहे ते प्रथम पाहावे, आणि तीच कसोटी काही आत्मकथनांस व शेवटी शासकीय मराठीस लावावी, एवढाच येथील उद्देश आहे. ते क्रियापद म्हणजे ‘शिकवणे’.

२

‘शिकवणे’ हे ‘शिकणे’ ह्याचे प्रयोजक रूप आहे, हे मोरो केशव दामले ह्यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून (१९११) आजच्या शालेय पुस्तकांपर्यंत सर्वत्र गृहीत धरलेले असते. रूपसिद्धीच्या दृष्टीने ह्यात अडचण काही नाही. अडचण अर्थाची आहे. पुढील दोन वाक्ये पाहावीत :

(अ) मास्तरांनी मला शिकवले.
(आ) आईने धुणीभांडी करून मला शिकवले.

पहिल्या वाक्यातील ‘शिकवले’चा अर्थ ज्ञान दिले असा आहे, दुसऱ्यातील अर्थ शिक्षणाचा भार वाहिला असा. हा केवळ संदर्भाने येणारा छटाभेद आहे, स्वतंत्र अर्थ नव्हे, असे कोणी म्हणेल. म्हणून वाक्यरचनेच्या काही कसोट्या लावून पाहू.

पहिली कसोटी विषयवाचक कर्माची. ‘मास्तरांनी मला भूगोल शिकवला’ हे वाक्य (अ) च्या अर्थाशी सुसंगत आहे. ‘आईने मला भूगोल शिकवला’ असे म्हणताच मात्र आई शिक्षिका होते. भार वाहण्याचा अर्थ तेथे टिकत नाही. म्हणजे दुसऱ्या अर्थाचे ‘शिकवणे’ विषयवाचक कर्म स्वीकारीत नाही. त्याऐवजी ते मर्यादा स्वीकारते : ‘आईने मला मॅट्रिकपर्यंत शिकवले’.

दुसरी कसोटी विसंगतीची. ‘निरक्षर मास्तरांनी मुलांना शिकवले’ हे वाक्य ऐकणारा थबकतो. ‘निरक्षर आईने मुलांना शिकवले’ ह्या वाक्यात कोणालाच विसंगती जाणवत नाही. उलट ते मराठीतील एक अत्यंत परिचित वाक्य आहे.

तिसरी कसोटी ऊन-प्रत्ययान्त धातुसाधिताची, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. ‘फळ्यावर आकृती काढून शिकवले’ ह्यात धातुसाधित अध्यापनाची रीत सांगते. ‘शेत विकून शिकवले’, ‘पाटल्या मोडून शिकवले’, ‘पोटाला चिमटा घेऊन शिकवले’ ह्यांत ते पैसा कोठून आला हे सांगते. दुसऱ्या अर्थी हे धातुसाधित जवळजवळ अपरिहार्य असते. नुसते ‘बापाने मला शिकवले’ असे म्हटले की वाक्य अर्धवट वाटते, आणि ऐकणाऱ्याच्या मनात ‘काय करून?’ असा प्रश्न उरतो.

नकारार्थी रूपही बोलके आहे. ‘मास्तरांनी आम्हांला शिकवलेच नाही’ ही कामचुकारपणाविषयीची तक्रार आहे. ‘बापाने मला शिकवले नाही’ हा घराविषयीचा आरोप आहे, आणि मराठी घरांत तो अधिक करून मुलींच्या तोंडी येतो.

हे केवळ मराठीचे वैशिष्ट्य आहे असे नव्हे. हिंदीतील ‘पढ़ाना’ हे क्रियापद ह्याच रीतीने दोन्ही अर्थी चालते, आणि गुजरातीतील ‘भणाववुं’ही. परंतु मराठी लेखकाला हे क्रियापद जन्मतःच हाताशी मिळालेले आहे, ही गोष्ट समीक्षकाने विसरता कामा नये. खर्च सोसणाऱ्याला कर्तेपद देणारी आणि ‘काय करून’ असे विचारणारी ही रचना त्याच्या भाषेतच आहे. तो ती कोठे वापरतो, कोठे टाळतो, आणि ‘मला शिकवले’ ह्याच्या जागी ‘मी शिकलो’ हे अकर्तृक नसले तरी ऋणमुक्त वाटणारे वाक्य कोठे ठेवतो, हे वाङ्मयीन प्रश्न आहेत.

३

क्रियापदानंतर नामांकडे वळू. शिक्षणाच्या खर्चासाठी मराठीने निरनिराळ्या काळी जे शब्द वापरले, त्यांतून खर्च कोणावर पडतो ह्याविषयीच्या निरनिराळ्या कल्पना व्यक्त होतात.

‘माधुकरी’ ह्या शब्दात मधमाशीची उपमा आहे : अनेक फुलांतून थोडे थोडे घ्यावे, कोणत्याही एका फुलास इजा होऊ नये. ‘वार लावून जेवणे’ ह्यात भार आठवड्याच्या दिवसांत वाटलेला आहे. ह्या दोन्ही पद्धतींत विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा भार समाज उचलतो असे म्हटले जाते आणि ते एका मर्यादेत खरे आहे. मर्यादा ही की वाराचे पान स्वयंपाकघराच्या नियमांनी बांधलेले होते. ज्या मुलाला त्या घराची ओसरीही चढता येत नव्हती त्याच्यासाठी आठवड्यात एकही वार नव्हता. म्हणून बहुजन व दलित विद्यार्थ्यांच्या शिक्षणेतिहासात ‘वार’ हा शब्द सापडत नाही. तेथे ‘बोर्डिंग’ हा इंग्रजी शब्द भेटतो. कोल्हापुरात शाहू छत्रपतींच्या प्रेरणेने १९०१ पासून निघालेली वसतिगृहे आणि कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी साताऱ्यात १९२४ मध्ये सुरू केलेले वसतिगृह ही ह्या शब्दाची मराठीतील ठळक ठिकाणे होत. शब्द परका राहिला ह्याचे कारण ती सोयच मराठी घरात तोवर नव्हती.

‘नादारी’ हा शब्द फारसीतून आला. ‘नादार’ म्हणजे ज्याच्यापाशी काही नाही तो. शाळांत ‘पूर्ण नादारी’ आणि ‘अर्धी नादारी’ असे प्रकार असत आणि विद्यार्थी त्यांसाठी अर्ज करीत. हाच शब्द कायद्याच्या मराठीत ऋण फेडण्यास असमर्थ ठरलेल्यासाठी चालतो. २०१६ च्या केंद्रीय संहितेला आपण ‘नादारी व दिवाळखोरी संहिता’ म्हणतो. बुडीत कंपनी आणि फी न भरू शकणारा दहा वर्षांचा मुलगा ह्यांना एकच शब्द लागू व्हावा, ह्यात त्या मुलाच्या मनाचा विचार कोणी केला नव्हता, हे उघड आहे. ‘फीमाफी’ हा शब्दही निष्पाप नाही. माफी सारा थकल्याबद्दल मिळते किंवा अपराधाबद्दल मिळते.

‘फी’ ह्या इंग्रजी शब्दाचे मूळ व्युत्पत्तिकार ‘गुरेढोरे’ ह्या अर्थाच्या एका प्राचीन जर्मानिक शब्दापाशी नेतात, आणि तो शब्द संस्कृत ‘पशु’ शब्दाचा सगोत्र मानला जातो. पशुधन हेच धन असण्याच्या काळाचा तो अवशेष होय. ‘शुल्क’ हा शब्द मात्र वेगळ्या कुळातला आहे. कौटिल्याच्या ग्रंथातील ‘शुल्काध्यक्ष’ हा जकातीचा अधिकारी आहे, विद्येचा नव्हे. वेतन घेऊन शिकवणाऱ्यास स्मृतिकारांनी ‘भृतकाध्यापक’ म्हणून श्राद्धाच्या पंक्तीतून वगळले होते. ज्या परंपरेत विद्येची किंमत घेणे निंद्य होते त्या परंपरेच्या भाषेत आज ‘शिक्षणशुल्क’ हा सर्वांत शिष्ट शब्द व्हावा, आणि तो जकातनाक्यावरून यावा, हा अर्थपरिवर्तनाचा एक लक्षणीय नमुना आहे.

४

आता आत्मकथनांकडे वळू. धोंडो केशव कर्वे ह्यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुरूडहून साताऱ्यापर्यंत परीक्षेसाठी केलेली १८७५ मधील पायपीट आणि वय लहान दिसते म्हणून तेथे मिळालेला नकार हा त्यातील सर्वपरिचित भाग आहे. पुढे मुंबईत खासगी शिकवण्या करून त्यांनी स्वतःचा खर्च चालविला. ‘शिकवणे’चे दोन अर्थ येथे एका विलक्षण रीतीने एकत्र येतात. विद्यार्थी दुसऱ्यांना पहिल्या अर्थाने शिकवतो, आणि त्या मोबदल्यावर स्वतःला दुसऱ्या अर्थाने शिकवतो. ‘शिकवण्या करून शिकलो’ असे म्हणणाऱ्या पिढीचा हा नमुना आहे. ह्या रचनेत धातुसाधित टिकते, पण त्याचा कर्ता स्वतः निवेदक असतो. म्हणून ह्या लेखनात स्वावलंबनाचा स्वर येतो आणि तो प्रामाणिक आहे. मात्र शिकवण्या मिळण्यासाठीही काही ओळखी, काही घरांत प्रवेश लागतो, ह्याची जाणीव वाचकाने स्वतः ठेवावयाची आहे.

साने गुरुजींची ‘श्यामची आई’ (१९३५) ही कथा ह्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. ह्या पुस्तकाचे वाचन सामान्यतः संस्कारांच्या दृष्टीने केले जाते, म्हणजे आईला पहिल्या अर्थाचे ‘शिकवणे’ दिले जाते. परंतु पुस्तकाचा उत्तरार्ध कर्जाने व्यापला आहे. सावकाराचा तगादा, घराची अप्रतिष्ठा, आईचे आजारपण, आणि ती जाते त्या वेळी शिक्षणासाठी दूर असलेला मुलगा, हा त्यातील क्रम आहे. मुलाचे शिकणे आणि घराचे खचणे ह्या दोन रेषा शेजारी शेजारी काढल्या आहेत. श्याम त्यांचा हिशेब मांडीत नाही. तो अश्रूंनी फेडतो. म्हणूनच हे पुस्तक वाचकाला ऋणाची भावना देते, पण ऋणाचा आकडा देत नाही. मी हे उणेपण म्हणून सांगत नाही. भावना हेच ज्या पुस्तकाचे चलन आहे त्यात आकडा मागणे अरसिकपणाचे ठरेल. परंतु पुढील पिढ्यांनी गरिबीतील शिक्षणाची कथा सांगताना हाच साचा घेतला आणि समीक्षेनेही तोच मान्य केला, त्यामुळे आकड्याची जागा रिकामी राहिली.

कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांच्या चरित्रात कर्ता व्यक्तीकडून संस्थेकडे सरकतो. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेने ‘कमवा आणि शिका’ ही योजना उभी केली, आणि १९४० मध्ये साताऱ्यास मोफत व वसतियुक्त हायस्कूल काढले. ‘रयतेने शिकवले’ असे म्हणणारी माणसे आजही भेटतात. तरीही धातुसाधित नाहीसे होत नाही. वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटील ह्यांनी अंगावरचे दागिने, आणि अखेर मंगळसूत्रही मोडले, हे सर्वज्ञात आहे. संस्थेच्या कर्तेपदामागेही एका स्त्रीचे ‘मोडून’ उभे आहे.

ह्याच संदर्भात जोतीराव फुले ह्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडलेले निवेदन आठवावे. सरकारी महसूल शेतकऱ्यांच्या श्रमांतून येतो आणि तो वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा त्यांचा मुद्दा होता. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर कोणत्या वाक्याचा कर्ता कोण हे दुरुस्त करण्याचाच तो प्रयत्न होता. अनुदानित महाविद्यालयात शिकलेला मनुष्य ‘मी शिकलो’ म्हणतो. फुले सांगतात की त्याला शेतकऱ्याने शिकवले, सारा भरून.

५

ह्या पार्श्वभूमीवर आनंद यादव ह्यांच्या ‘झोंबी’चे (१९८७) महत्त्व लक्षात येते. ह्या आत्मचरित्रात्मक कादंबरीस १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले. तथापि तिच्यातील शाळेच्या प्रकरणाचे वाचन ‘क्रूर बाप आणि जिद्दी मुलगा’ ह्याच चौकटीत होत आले आहे. मला ते अपुरे वाटते.

कागलच्या शेतकऱ्याचा मुलगा शाळेतून काढून शेतावर घातला जातो. मुलगा आणि आई मिळून गावच्या दत्ताजीराव देसाई ह्यांच्याकडे दाद मागतात. आपण तेथे गेलो होतो हे बापाला कळू नये ह्याची काळजीही घेतात. देसाई बापाला खडसावतात, आणि बाप शाळा कबूल करतो. पण अटी घालतो. दिवस उगवताच शेतावर हजर व्हावयाचे, अकरा वाजेपर्यंत पाणी पाजावयाचे, दप्तर शेतावरच घेऊन यावयाचे, शाळा सुटली की घरी दप्तर टाकून तासभर गुरे चारावयाची, आणि शेतात काम फार असेल त्या दिवशी शाळा बुडवावयाची.

ह्या अटी म्हणजे मराठी साहित्यातील शिक्षणखर्चाचे एक अत्यंत नेमके अंदाजपत्रक आहे. येथे फी हा मुख्य प्रश्न नाही. मुख्य प्रश्न मुलाच्या श्रमाच्या तासांचा आहे. शाळा मोफत केली तरी हे तास मोफत होत नाहीत. कोणीतरी ते भरून द्यावे लागतात. बाप ते मुलाकडूनच वसूल करतो, सकाळी आणि संध्याकाळी. बापाचे हे वर्तन निष्ठुर आहे हे खरे, आणि लेखकही ते झाकीत नाही. पण निष्ठुरपणाच्या आड एक हिशेब आहे, तो कोरडवाहू व अर्धकोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात सर्वत्र सापडेल, आणि त्या हिशेबामुळेच ही अटींची यादी इतकी विश्वसनीय वाटते. देसाईंचे आश्वासनही ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. बाप शाळेला पाठवीत नसेल तर मुलाने आपल्याकडे यावे, सकाळ-संध्याकाळ जमेल ते काम करावे आणि शाळेत जावे, मग शिक्षणाचा भार आपण घेऊ, अशा आशयाचे ते बोलतात. म्हणजे दुसऱ्या अर्थाच्या ‘शिकवणे’चे कर्तेपद बापाने सोडले तर ते घेण्यास गावातील मातब्बर तयार आहे, आणि त्याची किंमतही मुलाच्या श्रमांतच मोजली जाणार आहे.

येथे कर्तेपदाचा एक सुप्त झगडा आहे. आईला मुलाला शिकवावयाचे आहे, पण तिच्या हाती पैसा नाही आणि शब्दही नाही. तिचे धातुसाधित एकच : ‘लपवून’. मराठी आत्मकथनांत मातांच्या वाट्याला आलेली धातुसाधिते गोळा केली तर ‘मोडून’, ‘उपाशी राहून’ आणि ‘लपवून’ ही तीनच पुन्हा पुन्हा येतील असा माझा तर्क आहे. संशोधक विद्यार्थ्यांनी तो पडताळून पाहावा.

पुढे हाच मुलगा म्हशीच्या पाठीवर ओळी लिहून कविता करू लागतो. गुरे चारण्याचा तास हे बापाने आकारलेले मोल होते. त्या मोलातूनच लेखक घडला. ‘फी’ आणि ‘पशु’ ह्यांचे शब्दकुळ एक असल्याचे वर सांगितले. ‘झोंबी’तील मुलाने आपली फी त्या मूळ अर्थी भरली, असे म्हणता येईल.

६

दलित व भटक्या समाजांतील आत्मकथनांत प्रश्न आणखी एका पायरीने खाली जातो. प्र. ई. सोनकांबळे ह्यांच्या ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) मध्ये पोरका मुलगा बहिणीच्या घरी राहून शिकतो. तेथे खर्चाचे एकक रुपया नसून भाकरी आहे. लक्ष्मण माने ह्यांच्या ‘उपरा’त (१९८०) कुटुंबाचा मुक्काम हलतो आणि शाळा हलत नाही. मुलाला एका जागी ठेवणे म्हणजे पोट भरण्याच्या रीतीशीच विरोध पत्करणे. शरणकुमार लिंबाळे ह्यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) सवलत आहे, पण तिच्यासाठी अर्ज आहे, अर्जावर सरपंचाची सही हवी, आणि सहीसाठी बापाचे नाव व जात निश्चित हवी. निवेदकापाशी नेमके तेच नाही.

हा प्रसंग शिक्षणखर्चाच्या चर्चेत मध्यभागी असावा असे मला वाटते. ‘मोफत’ ह्या शब्दालाही किंमत आहे, आणि ती कागदपत्रांत मोजली जाते, हे तो दाखवितो. पूर्वीच्या नादारीच्या अर्जाने मुलाला ‘माझ्यापाशी काही नाही’ असे लिहावयास लावले. सवलतीच्या अर्जाने ‘मी अमक्याचा, अमक्या जातीचा’ असे सिद्ध करावयास लावले. ज्याची व्यथाच ती आहे त्याला फी भरणे परवडले असते, असे म्हणण्याचा मोह होतो. ‘मला शिकवले’ ह्या वाक्यात कर्ता कोण, हा आतापर्यंत आपण विचारीत आलेला व्याकरणाचा प्रश्न येथे तहसील कचेरीचा प्रश्न होतो.

७

आता शासकीय मराठीकडे पाहू. प्राथमिक शिक्षणाचा खर्च राज्याने घ्यावा ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. बडोदे संस्थानात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सुरू झाला आणि १९०६ मध्ये राज्यभर लागू झाला. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये तसाच निर्णय घेतला आणि मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेवला. गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी १९११ मध्ये मांडलेले विधेयक मात्र केंद्रीय कायदेमंडळाने पुढील वर्षी फेटाळले. स्वातंत्र्यानंतर यशवंतराव चव्हाण ह्यांच्या कारकिर्दीत आर्थिक दृष्ट्या मागासलेल्यांसाठी फीची सवलत आली. तिला लोकांनी ‘ई. बी. सी.’ हे आद्याक्षरी नाव दिले आणि ‘नादारी’ हा शब्द हळूहळू मागे पडला. आद्याक्षरांत अर्थ दिसत नाही, म्हणून लाजही दिसत नाही. लोकांनी केलेली ही निवड शहाणपणाची होती.

१९८३ पासून विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी मिळू लागली, आणि खर्चाचा शब्दसंग्रह पुन्हा बदलला. ‘देणगी’ ह्या शब्दाचा अर्थ उलटला : स्वेच्छेने द्यावयाची ती देणगी प्रवेशाची अट झाली. १९८७ च्या महाराष्ट्र अधिनियमाने प्रवेशासाठी अशी रक्कम घेण्यास बंदी केली. बंदी घालावी लागावी इतका तो अर्थ रूढ झाला होता. शाळांच्या बाबतीत एका विशेषणाचे सामर्थ्य पाहावयास मिळाले. ‘कायम विनाअनुदानित’ ह्या वर्गवारीतील ‘कायम’ हा शब्द राज्य शासनाने २००९ मध्ये वगळला. एक क्रियाविशेषण गळाले आणि हजारो शिक्षकांच्या वेतनाची आशा त्या रिकाम्या जागेवर उभी राहिली. अनुदान प्रत्यक्षात टप्प्याटप्प्यानेच आले.

२००९ चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या तिसऱ्या कलमात ‘मोफत’ची व्याख्या उदार आहे. प्राथमिक शिक्षण पूर्ण करण्यास अडथळा होईल अशी कोणतीही फी, आकार किंवा खर्च बालकावर पडू नये, असा तिचा आशय आहे. ‘खर्च’ हा शब्द तेथे आला, ही ‘झोंबी’च्या वाचकाला समाधानाची गोष्ट वाटावी. ह्याच कायद्याने खासगी शाळांत प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल घटकांसाठी राखल्या आणि त्यांच्या शुल्काची ‘प्रतिपूर्ती’ शासनाने शाळेस करावी असे ठरविले. महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२४ मध्ये नियमांत बदल करून सरकारी वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असल्यास खासगी शाळेस ह्या बंधनातून वगळण्यात आले होते. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द ठरविला. त्याच वर्षी ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शुल्कसवलत देण्याचा निर्णयही राज्य शासनाने घेतला.

ह्या निर्णयांचे मूल्यमापन करणे हा माझा विषय नाही. त्यांची भाषा हा आहे. ‘प्रतिपूर्ती’ ह्या शब्दात ‘आधी’ दडलेला आहे. आधी कोणीतरी रिकामे झाल्याशिवाय पुन्हा भरणे संभवत नाही. शासन देईपर्यंतच्या काळात रिकामे कोण राहते? शाळांच्या संघटना थकबाकीची तक्रार करतात, ती ऐकू येते, कारण ‘प्रतिपूर्ती’ शाळेची होते. विद्यार्थ्याच्या गणवेशासाठी, सहलीसाठी, रिक्षासाठी कुटुंबाने काढलेल्या उसनवारीस शब्दच नाही. ‘शुल्क आकारले जाते’, ‘सवलत अनुज्ञेय आहे’, ‘प्रतिपूर्ती करण्यात येईल’ ह्या सर्व वाक्यांत कुटुंब कर्ता नाही. ते ‘लाभार्थी’ आहे, म्हणजे घेणारे. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन अधिनियमाने शुल्क ठरविताना पालक-शिक्षक संघाच्या समितीस स्थान दिले आणि पालकाला निदान बोलण्याची जागा मिळाली, हा एक अपवाद. परंतु तेथेही तो शुल्काविषयी बोलतो, तासांविषयी नाही.

८

दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की आत्मकथन हा आर्थिक पुरावा नव्हे. लेखकाची स्मृती निवडक असते आणि जे शिकू शकले तेच लिहितात. हे मान्य आहे. ज्यांचे शिक्षण सुटले त्यांची आत्मकथने आपल्या हाती नाहीत. ज्या बहिणीने घर सांभाळले म्हणून भाऊ शिकला तिचे पुस्तक बहुधा लिहिलेच गेले नाही. पण ह्यामुळे माझा मुद्दा दुर्बळ होत नाही, बळकट होतो. यशस्वी माणसाच्या लेखनातही जर खर्चाच्या इतक्या खुणा राहिल्या असतील, तर त्या शोधणे हे समीक्षेचे कर्तव्य ठरते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मी जुन्या शब्दांतील कर्तेपणाची स्तुती करीत आहे की काय, अशी शंका घेता येईल. ‘नादारी’ने मुलाला लाजविले, ‘लाभार्थी’ने निदान लाजविले नाही. प्रशासनाची भाषा निर्वैयक्तिक असणे हीच तिची न्याय्यता आहे, कारण जेथे देसाईंच्या शब्दावर शाळा मिळते तेथे दुसऱ्या मुलाला ती मिळत नाही. ह्या आक्षेपातील सत्य मी पूर्णपणे स्वीकारतो. हक्काची भाषा उपकाराच्या भाषेपेक्षा श्रेष्ठ आहे. माझे म्हणणे एवढेच की निर्वैयक्तिकता आणि विस्मरण ह्या दोन वस्तू आहेत. हक्क देताना कोणाचा भार उतरला हे नोंदविता येते, आणि जो उतरला नाही तो कोणावर राहिला हेही. शाहू छत्रपतींच्या दंडाच्या तरतुदीत पालक कर्ता होता, म्हणून त्याला दंड होता. आजच्या भाषेने त्याचा दंड काढला हे योग्य झाले, पण दंडाबरोबर त्याचे कर्तेपणही काढले.

९

तात्पर्य तीन गोष्टींत सांगता येईल. कोशकारांनी ‘शिकवणे’चा दुसरा अर्थ, म्हणजे शिक्षणाचा खर्च वा भार वाहणे हा, स्वतंत्र क्रमांकाने आणि त्याच्या धातुसाधितांच्या उदाहरणांसह नोंदवावा. वाक्यरचनेच्या कसोट्यांवर तो स्वतंत्र ठरतो हे वर दाखविले आहे. आत्मकथनांच्या समीक्षकाने ‘प्रतिकूल परिस्थिती’ ह्या शब्दप्रयोगाला रजा द्यावी आणि त्याच्या जागी प्रत्येक पुस्तकाला एक प्रश्न विचारावा : येथे कोणी, काय करून शिकवले? आणि ज्या विद्यार्थ्यांना शासकीय मराठीचा अभ्यास करावयाचा आहे त्यांनी प्रवेशअर्ज, सवलतींचे नमुने आणि शासननिर्णय ही सामग्री वाङ्मयाइतक्याच काळजीने वाचावी. आपल्या वर्गांतील अनेक विद्यार्थी दरवर्षी ते अर्ज भरतात. त्या अर्जांत पालकाच्या उत्पन्नासाठी रकाना असतो, पालकाने कशाला मुरड घातली ह्यासाठी नसतो. तो रकाना मराठी भाषेने आपल्या एका साध्या क्रियापदात आधीच करून ठेवला आहे. तो भरलेला वाचणे हे आपल्या विषयाचे काम आहे.